रोयणीवरची अळंबी आणि मामांची वाटी

मे महिन्यात मामांचे उरलेसुरले सगळे दात काढले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवायची नाही, म्हणजे निदान दोन-तीन महिने मऊ भात, पेज, आमटी आणि कुस्करलेलं केळं यांवरच राहायचं. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दातांचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण जुलैमध्ये मी दोडामार्गला पोचले त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणाले, "यंदा अळमी खावक गावायची नाय." आणि गप्प झाले. पावसाळ्यात अळंबी न खाल्लेलं एकही वर्ष त्यांना आठवत नव्हतं.

मामींच्या हातची अळंबी म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं दाट वाटप, वर मालवणी मसाला. तिच्यासारखी चव जगात नाही, पण ती चावून खायची गोष्ट आहे, आणि तिखट हिरड्यांना सोसणारं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, मी सूप करते. पुण्यात बटण मशरूमचं सूप मी महिन्यातून दोनदा तरी करते, तेव्हा हे जमेलच अशी माझी खात्री होती. पहिल्या खेपेला ते जमलं नाही. ते का, हे पुढे सांगते. त्याआधी अळंबी आणण्याबद्दल लिहायला हवं, कारण या सुपाचं निम्मं काम चुलीवर नाही, रानातच होतं.

आमच्या भागात, गोव्याच्या सीमेला लागून, वारुळाला रोयण म्हणतात. अळंबी उगवते ती या रोयणीवर किंवा तिच्या आसपासच्या जमिनीवर. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, जमीन आतपर्यंत भिजली, मग गडगडाट करत एक जोराची सर आली आणि त्यानंतर दोन दिवस उकाड्याची उघडीप पडली, की जाणती माणसं पहाटे उठून निघतात. मी गेले तेव्हा पुनर्वसू चालू होता, म्हणजे तरणा पाऊस. आदल्या दोन रात्री विजा झाल्या होत्या. मामी साडेपाचला मला हलवून म्हणाल्या, "चल गो बाय, उशीर केलास तर दुसरो कोणतरी घेवन जायत."

आम्ही गेलो ते आमच्याच काजूच्या बागेत. हे मुद्दाम लिहिते, कारण अभयारण्यातून काहीही उचलून आणायला कायद्याने बंदी आहे, आणि हल्ली रस्त्याकडेला विकायला बसलेल्या प्रत्येक वाट्यातली अळंबी कुठून आली ते आपल्याला कळत नाही. मामींच्या हातात वेताची काठी, कमरेला कोयता, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. माझ्याकडे टोपली आणि घरातली छोटी सुरी. रोयणीजवळ जाण्याआधी मामी काठीने पाचोळा आपटत जातात. वारुळात नाग असतो हे आमच्याकडे गोष्टीपुरतं नाही, तो खरोखर असतो.

रोयण माझ्या छातीएवढी उंच होती. तिच्या उताराला, काजूच्या कुजलेल्या पानांतून, तीस-चाळीस अळंबी वर आली होती. काही नुकती डोकं काढलेली, मिटलेल्या छत्रीसारखी, काही पूर्ण उमललेली. मामींनी एक हळूच उपटून माझ्या तळहातावर ठेवली. छत्रीच्या मधोमध पेन्सिलीसारखं कठीण, राखाडी-तपकिरी टोक. त्या टोकाने ती माती फोडून वर येते. टोकापासून कडेकडे रंग फिका होत पांढरा झालेला, आणि कडा दोन-तीन ठिकाणी आपोआप चिरलेली. उलटी केली तर खालचे पातळ पडदे पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले, आणि ते दांड्याला चिकटलेले नाहीत, दांड्याभोवती बारीक मोकळी जागा. दांड्यावर कसलंही कडं नाही. आणि दांडा जमिनीपाशी संपत नाही. खाली तो मुळासारखा निमुळता होत आत, आत जातच राहतो. मामींनी उपटलेलीचं मूळ वीतभर होतं आणि तरी ते तुटूनच आलं होतं.

त्या मुळाचं दुसरं टोक वाळवीच्या शेतात असतं. शेत हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. या जातीची वाळवी वाळकं लाकूड आणि पानं खाऊन, त्या अर्धवट पचलेल्या मालाचे स्पंजासारखे गोळे वारुळाच्या पोटात रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी लाकडातला वाळवीला न पचणारा भाग मऊ करते आणि वाळवी तो मऊ झालेला माल आणि बुरशीचे पांढरे कण खाते. दोघींचा हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांपासून चालू आहे. या बुरशीच्या प्रजातीला (जीनसला) टर्मिटोमायसिस हे नाव रोजे एम या फ्रेंच अभ्यासकाने १९४२ मध्ये दिलं. आपण खातो ती अळंबी म्हणजे त्या जमिनीखालच्या बुरशीला पावसाळ्यात आलेलं फळ. वाळवीशिवाय ती धरत नाही, म्हणून बटण मशरूम किंवा धिंगरीसारखी (म्हणजे ऑयस्टर मशरूमसारखी) तिची शेडमध्ये लागवड करून बाजारात आणता आलेली नाही. ती पावसाच्या मर्जीने येते आणि चार दिवसांत जाते.

मी भराभर उपटायला लागले तेव्हा मामींनी थांबवलं. "मुळासकट ओढू नको. जमिनीबरोबर काप. आणि सगळी काढू नको गो, उमललेली चार-पाच ठेव." का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, रोयण म्हणजे सातेरीचं रूप, तिच्याकडचं सगळं ओरबाडून आणायचं नसतं. आमच्याकडे आणि गोव्यात कितीतरी गावांची ग्रामदेवता सातेरी आहे आणि तिची पूजा वारुळाच्या रूपात होते. देवळाच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी किंवा मूर्तीमागे चक्क रोयण असते. मला मात्र मामींच्या त्या नियमात आणखी एक गोष्ट दिसली. वाळवीची नवी वसाहत सुरू होते तेव्हा बहुतेक जातींत राजा-राणी बुरशी बरोबर नेत नाहीत. पहिले कामकरी बाहेर पडून उमललेल्या अळंबीचे वाऱ्यावर पसरलेले सूक्ष्म बीजकण गोळा करून आणतात, तेव्हा नव्या घरात शेत उभं राहतं. म्हणजे उमललेली चार अळंबी मागे ठेवली नाहीत तर पुढच्या रोयणींना बियाणंच मिळणार नाही. मामींना हे मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "तांच सांगतंय मी" एवढंच म्हणाल्या.

परत येताना गोठ्याच्या मागे, शेणखताच्या ढिगाशेजारच्या गवतात मला मोठ्या, देखण्या, बशीएवढ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या. रोयणीवरच्यांपेक्षा दुपटीने मोठ्या. मी वाकले, तर मामींनी काठी आडवी घातली. "ह्याका हात लाव नको."

मी हात लावला नाही असं नाही. खाण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी एक कागदात गुंडाळून आणली आणि वेगळी ठेवली. रात्री तिचा दांडा कापून छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घातली, शेजारी दुसऱ्या कागदावर आमच्या अळंबीची छत्री, दोन्हींवर काचेचे पेले पालथे. सकाळी उचलून पाहिलं तर अळंबीच्या कागदावर फिक्या गुलाबी रंगाची भुकटी होती, पडद्यांच्या रेषांसकट. आणि त्या बशीएवढीच्या कागदावर शेवाळी हिरवा ठसा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस नावाची ही छत्री आहे. गवतात, बागेत, हिरवळीवर उगवते, वर तपकिरी खवले आणि दांड्यावर कडं असतं. कोवळी असताना तिचे पडदेही पांढरेच असतात, म्हणून माणसं फसतात. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस गळून जातो.

ही निदान लवकर कळते. त्याहून वाईट छत्र्या अशा आहेत की खाल्ल्यावर सहा-आठ तास, कधी बारा तासांहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि तोवर आतून यकृत निकामी होत असतं. त्यांचं विष शिजवून, वाळवून जात नाही. चांदीचं नाणं टाकलं आणि काळं पडलं नाही तर अळंबी चांगली, लसूण निळी झाली नाही तर चांगली, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि हे सगळं खोटं आहे. फोनवर फोटो काढून ओळखलेल्या छत्रीवरही जीव टांगू नये. मामी कुठली एक खूण बघत नाहीत. जागा, रोयण, मूळ, टोक, पडदे, वास आणि नक्षत्र, सगळं एकदम बघतात, आणि एवढं सगळं जुळलं तरी मनात किंतू आला की टाकून देतात. तुमच्या घरात असं शिकवणारं माणूस नसेल तर हे सूप बाजारातल्या धिंगरीचं करा. ते चांगलं होतं. आणि रानातलं खाऊन कुणाला त्रास झालाच तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली छत्री पिशवीत घालून माणसासकट थेट दवाखाना गाठा.

आता पहिलं सूप. आणलेल्या अळंबीतली पंचवीस-एक मी बादलीभर पाण्यात टाकली, माती सुटेल म्हणून, आणि अर्ध्या तासाने काढली. लोण्यावर मैदा भाजला, अळंबी चिरून अर्धा तास उकळली, मिक्सरमधून काढली, दूध घातलं, मिरपूड घातली. पुण्यात अगदी असंच करते. पातेल्यात जे तयार झालं ते राखाडी, चिकट आणि मुकं होतं. वास दुधाचा आणि मैद्याचा. आणि दर चमच्याला जिभेखाली बारीक कचकच. मामांनी दोन चमचे घेतले, वाटी खाली ठेवली आणि अगदी हळू म्हणाले, "ह्येच्यापरास पेज बरी." मला फार वाईट वाटलं. सूप बिघडलं त्याचं थोडं, पण त्यांच्या वर्षातल्या त्या थोड्या दिवसांतला एक दिवस आणि रोयणीवरची पंचवीस अळंबी मी वाया घालवली याचं जास्त.

रात्री अंथरुणात पडून मी त्याचा विचार केला. बटण मशरूमला स्वतःची चव बेताची असते, म्हणून तिला लोणी-दुधाचा आधार लागतो. ही अळंबी तशी नाही. तिच्यात स्वतःचं सगळं होतं आणि मी ते आधी बादलीत सोडलं, मग मैद्याखाली पुरलं. आणि मिक्सरने पडद्यांत अडकलेली माती थेट सुपातच वाटून टाकली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे गेलो. या खेपेला चाळीस मिळाली. या वेळी मामींना विचारत विचारत केलं.

साफ करायचं काम सगळ्यात वेळखाऊ, आणि ते घाईने होत नाही. अळंबी सागाच्या पानांत आणली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजते आणि संध्याकाळपर्यंत काळी, बुळबुळीत होते. घरी आल्याबरोबर मामींनी ती सुपात पसरली. आमच्या घरात सूप म्हणजे धान्य पाखडायचं सूप, आणि मी करत होते त्याला मामा शेवटपर्यंत सारच म्हणाले. आधी खालचा मातीचा भाग कापून टाकला. मग सुरीच्या पात्याने दांड्यावरचं पातळ साल वरून खाली खरवडलं. ते दोऱ्यासारखं निघतं आणि त्याच्याबरोबर चिकटलेली लाल माती जाते. दांडे आणि छत्र्या वेगळ्या केल्या. छत्र्यांची वरची बाजू ओल्या फडक्याने पुसली, टोकाशी रुतलेले मातीचे कण नखाने काढले. मग एकेक छत्री, पडदे खाली धरून, भांड्यातल्या पाण्यावर हलकेच दोनदा आपटली आणि लगेच रोवळीत पालथी ठेवली. पाण्यात बुडवून ठेवली नाही. उमलून पडदे तपकिरी झालेली सहा मामींनी बाजूला काढली, एकीत अळ्या होत्या. साफसफाईला मला सव्वा तास लागला.

मग चूल. गॅस आहे, पण मामी म्हणाल्या मडकं चुलीवरच ठेव. दांडे बोटाच्या पेराएवढे कापून तापलेल्या लोखंडी कढईत कोरडेच टाकले, तेल नाही, मीठ नाही. मिनिटभरात ते रडायला लागतात. अळंबीत जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं आणि ते सगळं बाहेर येऊन कढईत वाटीभर पाणी साचतं. इथे घाबरून पुढचं काही घालायचं नाही. ते पाणी आटू द्यायचं. दहा-बारा मिनिटांनी कढईचा आवाज बदलला, खदखद थांबून चुरचुर सुरू झाली, आणि दांड्यांना कडेने तपकिरी रंग चढला. तेव्हा वास आला. भाजलेल्या शेंगदाण्याचा, ओल्या मातीचा आणि कुठेतरी कोंबडीच्या रश्शाचा, तिन्ही एकात एक. पडवीतल्या मामांनी मान वळवली ती तेव्हाच.

त्यावर दोन चमचे खोबरेल, एक लहान कांदा बारीक चिरून, लसणीच्या चार पाकळ्या ठेचून. कांदा पारदर्शक होईपर्यंत परतलं, लाल नाही केला. मग हे सगळं मडक्यात, वर लिटरभर उकळतं पाणी आणि झाकण. मंद आचेवर पंचवीस मिनिटं. दांडे शिजून विरघळतील अशी वाट बघू नये. अळंबीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं, म्हणून ती कितीही शिजवली तरी भाजीसारखी लगदा होत नाही. उतरतो तो रस. त्यात ग्लुटामेट असतं, आणि भाजता-शिजवताना त्याच्या जोडीला येणारं ग्वानिलेट. ही दोन एकत्र आली की एकेकटी देतील त्याच्या कितीतरी पटीने चव देतात. मसाल्याशिवायच्या पाण्याला रश्शाची चव येते ती यामुळे.

दांडे गाळून काढले आणि पाट्यावर वाटले. मिक्सर नको, असं मीच म्हटलं, कारण पाट्यावर बोटांना कच लगेच कळते. वाटण पातळ फडक्यातून पिळून रस परत मडक्यात. चोथा राहिला तो मामींनी दुपारच्या आमटीत घातला.

आता दाटपणा. मैदा नको, कॉर्नफ्लॉवर नको. सकाळची उकड्या तांदळाची पेज चुलीच्या कडेला होती. तिची वरची निवळ, दोन वाट्या, मडक्यात ओतली. ही मामींची सूचना आणि सगळ्या सुपातली सगळ्यात चांगली गोष्ट. उकड्या तांदळाच्या पेजेला स्वतःची थोडी धुरकट चव असते, ती अळंबीच्या चवीशेजारी बसते, तिच्यावर चढत नाही. सूप दाट झालं नाही, त्याला फक्त अंग आलं. छत्र्या हाताने फाडून, सुरी न लावता, शेवटी घातल्या आणि सहा-सात मिनिटं उकळलं. मामांसाठी कोवळ्या मिटलेल्या छत्र्या निवडून अगदी बारीक तोडल्या. मीठ सगळ्यात शेवटी. परसातल्या वेलीची मिरी, सात-आठ दाणे, जाडसर ठेचून.

मामींना तिरफळ घालायचं होतं. एक घालून पाहिलं, वेगळ्या वाटीत. तिरफळ माशाला शोभतं, इथे त्याने सगळी जागा अडवली. नारळाचं पातळ दूध मात्र आमच्या वाट्यांत घातलं आणि ते छान लागलं. मामांच्या वाटीत नाही. त्यांना फक्त अळंबी मिळायला हवी होती.

त्यांनी वाटी हातात घेतली, आधी नाकाशी धरली. एक घोट घेतला, तोंडात बराच वेळ ठेवला. छत्रीचा तुकडा हिरड्यांनी दाबला, गिळला. "आज वास इलो," म्हणाले. मामी पाठमोऱ्या होत्या, त्या वळल्या नाहीत, पण पळी धुताना थांबल्या. मामांनी तीन वाट्या घेतल्या. तिसरीच्या तळाला राहिलेले मिरीचे कण बोटाने पुसून घेतले.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा ते काठी घेऊन उठले आणि मला म्हणाले, चल. बागेच्या वरच्या अंगाला, जिथे किंजळाची झाडं आहेत तिथे, त्यांनी मला नेलं. वाटेत तीनदा थांबले. झाडांच्या आड एक बुटकी रोयण होती. अळंबीच्या जागा कोकणात सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. ही जागा मामींनाही ठाऊक नव्हती हे मला घरी परतल्यावर कळलं.

रोयणीवर काहीच नव्हतं. मामा वाकले, काठीच्या टोकाने पाचोळा बाजूला सारला. ओल्या लाल मातीला चांदणीसारख्या चार-पाच भेगा पडल्या होत्या आणि प्रत्येक भेगेच्या मधोमध माती टिचभर वर उचललेली. त्यांनी पाचोळा होता तसा परत पसरला.

"परवा येवया," म्हणाले.

माझी पुण्याची बस दुसऱ्या दिवशीची होती. घरी येऊन मी तिकीट पुढे ढकललं.